मेंदूच्या औषधाची प्रवेश परीक्षा

भांडुप (प.)
५ जानेवारी २०२५

ती. सुगंधाआत्यास,
अक्षताचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचा राग मानू नकोस. गेल्या वेळी फोन केला तेव्हा माझी जीभ अडखळत होती आणि तुझं कानातलं मशीन शिट्ट्या मारत होतं. शेवटी मी जेवले आहे या एका मुद्द्यावर आपलं एकमत झालं आणि आपण फोन ठेवला. तू सगळी नोकरी पोस्टात केलीस, तेव्हा हाच मार्ग बरा. फिजिओथेरपीच्या बाईही म्हणतात, हाताने लिही, बोटांना व्यायाम होतो. अक्षर तिरकं गेलं असेल तिथे तू कागद तिरका धर.

बातमी अशी की माझ्या आजारावर औषध निघालं आहे. म्हणजे निघालं आहे की नाही हे बघण्यासाठी त्यांना माणसं हवी आहेत. अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हे होणार आहे. तिथल्या डॉ. संघमित्रा वानखडे यांनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. माझ्या पेशींमधलं एक जनुक चुकीचं आहे. एक चूक आईकडून आली, एक बाबांकडून, आणि दोन्ही एकत्र आल्यामुळे आजार झाला. आईबाबांनी संसारात एकमताने केलेलं हे एकच काम, असं मी म्हटलं, पण दोघंही हसले नाहीत. या चुकीमुळे पाय कुठे पडतो आहे ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा हळूहळू कामातून जात आहेत. म्हणून मी एकविसाव्या वर्षी दारू न पिता डुलते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मी पिते असं सगळ्या बिल्डिंगला सांगतात.

आता बरोबर जनुक तयार आहे, पण ते मेंदूत पोचवायचं कसं ही खरी पंचाईत. रक्तात सोडलं तर मेंदूच्या दारावर असा कडक पहारा असतो की बहुतेकांना बाहेरूनच परत पाठवतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने तिथे शिकाऊ म्हणून राहायला हवं. म्हणून त्यांनी एक निरुपद्रवी विषाणू घेतला, त्याचं स्वतःचं सामान काढून टाकलं आणि त्या जागी माझ्यासाठीचं जनुक भरलं. मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी, मेंदूभोवतीचं पाणी साठलेलं असतं. तिथे सुई घालून हा माल उतरवायचा, मग तो पाण्याबरोबर मेंदूत आणि मणक्यात पसरतो असा त्यांचा अंदाज आहे. हे आयुष्यात एकदाच करता येतं, कारण शरीराने त्या विषाणूला एकदा ओळखलं की दुसऱ्या खेपेला ते त्याला पोचूच देत नाही. गेलेलं परत येईल असं त्या म्हणत नाहीत. आहे ते टिकावं, एवढंच.

जागा फक्त सहा. त्याआधी निवड चाचणी, म्हणजे चालणं, डोळे मिटून उभं राहणं, बारीक भोकांत खुंट्या बसवणं, वाक्यं म्हणून दाखवणं. हे ऐकल्यावर बाबांनी काय विचारलं असेल ओळख. त्यांनी विचारलं, कटऑफ किती. डॉक्टर म्हणाल्या, तसं काही नसतं. बाहेर पडल्यावर रिक्षात बाबा मला म्हणाले की सगळे असंच सांगतात. दहावीच्या गणिताचे क्लास चालवणाऱ्या माणसाची मुलगी आजारीसुद्धा साधेपणाने पडू शकत नाही.

तुझ्या कानांना आराम पडो आणि माझ्यावरची माया पातळ न होवो.

तुझी,
अक्षता


कणकवली
१४ जानेवारी २०२५

चि. अक्षता हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. विषाणूचं पोट रिकामं करायचं, आत सामान भरायचं आणि पाठवून द्यायचं, म्हणजे हे पार्सलच झालं की. आमच्या काउंटरवरून अशी पार्सलं रोज जायची आणि त्यातली बरीचशी पोचायचीसुद्धा. डॉक्टरीणबाईंना म्हणावं पत्ता नीट घाला, नाहीतर मेंदूचं सामान भलत्याच घरी उतरायचं आणि तिथले लोक परत करत नाहीत.

तुझ्या बापाचं मला नवल नाही. आमचे बाबा मुंबईला गिरणीत आणि आम्ही इथे गावी, तेव्हा दत्तू पाचवीत असताना गोठ्यातल्या म्हशीला पाढे शिकवायचा. म्हैस काही शिकली नाही. पण तिने तक्रारही केली नाही, त्यामुळे आपण फार चांगले शिक्षक आहोत असा त्याचा समज झाला तो आजतागायत आहे.

तरी या वेळी तू त्याचं ऐक. सहा जागा म्हटल्यावर देशभरातून मुलं येणार. डॉक्टर झाली तरी तीही माणूसच, एवढं मोलाचं औषध जिच्या अंगात घालायचं ती जरा धडधाकट दिसली तर तिलाही हुरूप येईल. आम्ही आंब्याची कलमं घ्यायला जातो तेव्हा मरतुकडं रोप कोणी उचलतं का? शेताच्या बांधावरून चालायची एक युक्ती सांगते. पायाकडे बघायचंच नाही. समोरच्या एका झाडावर नजर रोवायची आणि पाय आपोआप जातील तसे जाऊ द्यायचे. आणि एक ध्यानात ठेव, परक्यांसमोर पडायचं नाही. आपल्या घरातलं कोणी परक्यांसमोर पडलेलं नाही. गिरणी बंद झाली तरी तुझे आजोबा रोज इस्त्रीचे कपडे घालून सकाळी घराबाहेर पडायचे.

सोबत कोकमाची सोलं पाठवते आहे. ती परीक्षेसाठी नाहीत, कढीसाठी आहेत, हे दत्तूला स्पष्ट सांग. नाहीतर तो तुला ती तपासायच्या दिवशी खिशात ठेवायला लावेल.

सुखी राहा, औषध घे, बापाला सहन कर.

तुझी आत्या


भांडुप (प.)
२ मार्च २०२५

ती. आत्यास,
अक्षताचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. आधी अभ्यास कसा झाला ते सांगते, म्हणजे तुला माझी कीव येईल आणि पुढच्या वेळी तू खाजंही पाठवशील.

संध्याकाळचा वर्ग सुटला की बाकं भिंतीला लावायची आणि फरशीवर खडूची सरळ रेघ. ती बाबांनी पट्टी लावून ओढली, कारण रेघ वाकडी असेल तर निकाल ग्राह्य धरता येत नाही. मग मी त्या रेघेवरून जायचं आणि बाबांनी स्टॉपवॉच घेऊन मागे यायचं. रविवारी सराव परीक्षा. खुंट्यांसाठी फळीला भोकं पाडून आणली. जीभ वळावी म्हणून रोज प्रमेयं मोठ्याने म्हणून घेतली, त्यामुळे आता मला काही बोलता आलं नाही तरी त्रिकोण एकरूप असल्याचं सिद्ध करता येतं. तुझी झाडाची युक्ती लागू पडली. झाड नव्हतं म्हणून मी सूत्रांच्या तक्त्यावर नजर रोवायची. पायाची खबर नसा देत नाहीत तर ती डोळ्यांनी पळवून आणायची, गुडघे ताठ ठेवायचे आणि श्वास धरायचा, हे मला हळूहळू जमायला लागलं. बाबा आईला म्हणाले, बघ, मेहनतीने काय होत नाही.

बाबा नसतात तेव्हा मी भिंत धरून चालते. आंघोळीला आई मला बादलीजवळ बसवून जाते आणि हाक मारली की उचलायला येते. हा भाग अभ्यासक्रमात नव्हता, म्हणून आम्ही दोघींनी तो बाबांना कळवला नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत मी कमाल केली. डोळे मिटून उभं राहायचं होतं तिथे गालाचा आतला भाग दातांखाली धरला, तोंडात रक्ताची चव आली, पण पडले नाही. खुंट्या झकास बसल्या. तुझं म्हणणं राखलं, परक्यांसमोर कुठे हातही टेकला नाही. डॉ. संघमित्रा म्हणाल्या की फार छान केलंस. एवढ्या शब्दांवर बाबांनी खाली उतरून पेढे घेतले आणि हॉस्पिटलच्या वॉचमनलाही दिला. रिक्षात माझे दोन्ही पाय लटलट कापत होते. ते इंजिनामुळे, असं मी बाबांना सांगितलं आणि त्यांना पटलं.

निकालाची वाट बघते आहे. तुझ्या मायेत मात्र मला कोणतीही परीक्षा न देता जागा असावी.

तुझी,
अक्षता


भांडुप (प.)
१६ मार्च २०२५

ती. ताईस,
दत्तारामचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितो आहे यावरूनच तू समजली असशील की गोष्ट बरी नाही. अक्षता लिहायला तयार नाही.

तिला घेतलं नाही. कारण काय, तर ती फार चांगली चालली. क्लास काढून मला सव्वीस वर्षं झाली, पण जास्त येतं म्हणून नापास झालेली विद्यार्थिनी मी पहिल्यांदाच बघितली, आणि ती माझ्या घरात निघाली. मी पेपर पुन्हा तपासायची मागणी केली. डॉ. संघमित्रा यांनी मला पाणी दिलं आणि तिसरीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. ज्यांचा आजार फार पुढे गेला आहे त्यांना घेत नाहीत, कारण टिकवायला काही उरलेलं नसतं. ज्यांचा फारच कमी आहे त्यांनाही आत्ता घेत नाहीत, कारण कवटीच्या तळाशी सुई घालणं जोखमीचं आहे आणि औषध एकदाच देता येतं. मधल्यांना घेतात. अक्षता मधली होती, ताई. डिसेंबरमध्ये त्यांनी तिला बघितलं तेव्हा ती अगदी हवी तशी होती. मग त्यांनी विचारलं की मधल्या काळात एवढी सुधारणा कशी झाली. मी छाती फुगवून सांगितलं, रोज दोन तास सराव. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हे सगळं आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी पोरांना सव्वीस वर्षं ओरडून सांगतो आहे की आधी प्रश्न नीट वाचा.

एप्रिलच्या अखेरीस त्या तिला पुन्हा एकदा बघणार आहेत. ती शेवटची संधी, कारण आता एकच जागा उरली आहे. तोपर्यंत सराव पूर्ण बंद ठेवायचा. मला वाटलं, यावरही तोडगा आहे. मी तिला वाईट चालायला शिकवायला घेतलं, कुठे अडखळायचं, कुठे तोल जाऊ द्यायचा. पहिल्याच दिवशी तिने मला डस्टर फेकून मारलं. नेम अचूक होता, त्याचाही मला क्षणभर आनंद झाला, इतका मी मूर्ख आहे. आता ती जाणारच नाही म्हणते. चांगली चालले तर औषध नाही, वाईट चालले तर तुमची मान खाली, त्यापेक्षा मी घरीच बसते म्हणते.

ताई, मला भीती वाटते आहे. काहीच केलं नाही तर थोड्या वर्षांत चाकाची खुर्ची, असं त्यांनी सांगितलं आहे. मला हे फोनवर तुला ओरडून सांगता आलं नसतं, शेजारी ऐकतात. तू तिला लिही. माझ्यापेक्षा तुझं ऐकते.

तुझा,
दत्तू


कणकवली
२४ मार्च २०२५

चि. अक्षता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि या वेळी थोडी बोलणीही.

प्रथम माझी बोलणी मलाच. बांधाची युक्ती मी परत घेते, आंब्याच्या कलमांचा दाखलाही परत घेते. औषध आजाऱ्याला द्यायचं असतं, ते बक्षीस नसतं, एवढी गोष्ट समजायला आपल्या घरात तीन शहाणी माणसं बसली होती आणि तिघांनाही समजली नाही. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं, मी असते तर दत्तूला फेकून मारलं असतं.

परक्यांसमोर कोणी पडलं नाही असं मी तुला मोठ्या ऐटीत लिहिलं. आपल्या घरात माणसं पडली नाहीत असं नाही गो. ती पडली तेव्हा कोणाला बघू दिलं नाही, एवढंच. पुढे आजीही मुंबईला राहायला गेली होती, आणि तुझे आजोबा इस्त्रीचे कपडे घालून निघायचे ते कुठल्यातरी बागेत दिवसभर बसायचे आणि कामावरून आल्यासारखे संध्याकाळी घरी यायचे. आजीला माहीत होतं. आजीला माहीत आहे हे आजोबांनाही माहीत होतं. आणि दोघंही मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाहीत. याला आम्ही अब्रू म्हणत आलो. तुला आंघोळीला आई उचलते आणि बापाला पत्ता नाही, ही तीच अब्रू आता तुमच्या भांडुपच्या घरात बसली आहे.

तू जा. आहेस तशी जा. त्यांच्यासमोर पडायला झालं तर पड, चेडवा. तू ताठ चालावीस ही माझी हौस आहे, ती मी दुसऱ्या कशावर भागवीन. तुला ते औषध मिळायला हवं. तू हट्टाने घरी बसलीस आणि ती जागा दुसऱ्या कोणाला गेली, तर मी त्या दुसऱ्याचं भलं चिंतीन, पण त्यानंतर मला रात्रीची झोप लागणार नाही. हे मी चेष्टेत लिहिलेलं नाही.

दत्तूला वाचून दाखव. त्याने त्या दिवशी दाराबाहेर बसायचं, तोंड बंद ठेवायचं, आणि हातात घड्याळ घ्यायचं नाही. जमत नसेल तर त्याने गोठ्यातली म्हैस आठवावी, ती गप्प राहून सगळं ऐकून घ्यायची.

तुझ्या वाटणीची माया इथे पडून आहे, कधीही येऊन घेऊन जा.

तुझी आत्या


भांडुप (प.)
४ मे २०२५

ती. आत्यास,
अक्षताचा शि. सा. न. वि. वि.

गेले. तुझ्या पत्राने गेले असं लिहिलं तर तू ते गावभर दाखवशील, म्हणून लिहीत नाही.

बाबा ठरल्याप्रमाणे बाहेर बसले. डॉ. संघमित्रा म्हणाल्या की घोकलेलं चालणं मला ओळखू येतं, नाटक तर त्याहून लवकर. तू घरी कोणी नसताना जशी जातेस तशी फक्त पलीकडे जा. आत्या, घरी कोणी नसताना मी कशी चालते हे मला स्वतःलाही बघायचं नव्हतं. मी नजर कुठे रोवली नाही, श्वास धरला नाही. थोड्याच पावलांत डावा पाय कुठे गेला ते मला कळेना. डोळे मिटायला सांगितले तेव्हा सरळ कोसळले, मागे सिस्टर उभी होती तिने धरलं. खुंट्या खाली सांडल्या आणि त्या गोळा करायला गेले तर मीही सांडले. तुझ्या तीन पिढ्यांच्या अब्रूचा कार्यक्रम तिथे आटोपला.

शेवटचं लांब अंतर कॉरिडॉरमध्ये चालायचं होतं. बाबा कॉरिडॉरमध्येच बसले होते, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी भिंतीला हात लावत, पाय फेकत त्यांच्यासमोरून गेले. ते धरायला उठले. डॉक्टरांनी त्यांना हातानेच बसायची खूण केली आणि ते बसले. बाबांनी कोणाचं ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. परत येताना मी मान वळवली नाही, पण ते रडत होते ते ऐकू येत होतं. मलाही रडू फुटलं, त्यामुळे माझं चालणं आणखीच अस्सल झालं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं की आंघोळीला कशी जातेस ते दाखव. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूमच्या भिंतीला स्वतः ड्रिल चालवून दांडा बसवला. तो चांगलाच तिरका बसला आहे. तिरका असला तरी घट्ट आहे, मी रोज धरते.

परवा हॉस्पिटलातून फोन आला. मला घेतलं, आत्या. बाबांनी या वेळी पेढे आणले नाहीत, माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मायेने आठवण काढ, देवाजवळ माझं नाव हळू घे, तो काही बहिरा नाही.

तुझी,
अक्षता


भांडुप (प.)
२२ जून २०२५

ती. आत्यास,
अक्षताचा शि. सा. न. वि. वि.

माल उतरवला. मी बेशुद्ध होते, त्यामुळे या ऐतिहासिक प्रसंगाबद्दल मला काही सांगता येत नाही. मान अवघडली आहे आणि डोकं दुखतं. शरीराने पाहुण्यांशी भांडू नये म्हणून गोळ्या चालू आहेत, त्यांनी माझं तोंड पुरणपोळीसारखं फुगलं आहे. खालच्या काकूंनी बिल्डिंगला नवी माहिती दिली आहे की मी आता पिणं सोडलं, म्हणून अंगाला लागलं. मी त्यांना दुजोरा दिला.

औषध मेंदूत नेमकं किती पोचलं हे कोणालाच ठाऊक नाही. दर थोड्या महिन्यांनी तपासणार, आणि वर्षभराने मी आत्ता आहे तेवढीच असेन तर औषध लागू पडलं असं समजायचं. घसरले असेन तर नाही. दुसरी खेप नाही.

ज्या दिवशी सुई घालायची होती त्या सकाळी आई चहा आणायला गेली आणि बाबा माझ्या खाटेवर बसले. त्यांनी विचारलं की सगळं अगदी मनासारखं झालं तर काय होईल. माहितीपत्रक त्यांना पाठ झालं होतं, तरी विचारलं. मी म्हटलं, सगळं मनासारखं झालं तर मी जन्मभर अशीच राहीन, अशीच डुलत, अशीच अडखळत बोलत, याहून जराही बरी नाही. मला वाटलं, आता ते जिद्दीवर एखादं भाषण सुरू करतील. त्यांनी माझ्या मानेमागे, जिथे केस काढले होते तिथे, हात ठेवला. माझ्यासारखीच त्यांची जीभ अडत होती. मग म्हणाले, अशीच राहा.

तुझीच,
अक्षता